शेजाऱ्याच्या मयतीला आत जायचं की दाराशी थांबायचं? उत्तर आयर्लंडची ऑरेंज ऑर्डर, सोप्या भाषेत

आपल्याकडे गावात एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. लग्नाला नाही गेलात तर लोक समजून घेतात, पण मयतीला नाही गेलात तर दोन पिढ्या लक्षात ठेवतात. बांधावरून कोर्टात केस चालू असली, बोलणं बंद असलं, तरी माणूस गेला म्हटल्यावर पायात चपला घालायच्या आणि निघायचं. उत्तर आयर्लंडच्या खेड्यांत, फर्मॅना, टिरोन, आर्मा या काउंट्यांमध्ये, हे अगदी असंच आहे. शेजारी गेला की गवताची कापणी अर्धी टाकून लोक त्याच्या घरी जातात, घरच्यांचा हात हातात घेतात, चहा घेतात, शवपेटीमागे चालतात. पण गेलेला माणूस कॅथलिक आणि शेजारी प्रोटेस्टंट असेल तर चॅपलच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, दारापर्यंत येऊन बरेच प्रोटेस्टंट शेजारी तिथेच थांबायचे. आत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू आणि हे बाहेर टोपी हातात घेऊन, पाऊस असला तर पावसात उभे. मिस्सा संपली, पेटी बाहेर आली की परत तिच्यामागे दफनभूमीपर्यंत चालत जायचे.

आता ज्याच्यासोबत आयुष्यभर गुरंढोरं, ट्रॅक्टर, पाऊसपाणी यावर बोललो त्याच्या शेवटच्या प्रार्थनेला आत का नाही बसायचं? कारण त्यातले पुष्कळ जण ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे मेंबर असायचे आणि ऑर्डरचा नियम असा की मेंबरने कॅथलिक उपासनेत भाग घ्यायचा नाही. मला ही संघटना समजून घ्यायला सगळ्यात जास्त मदत या एका दाराने केली, कारण गेल्या साठेक वर्षांत या समाजात काय काय बदललं ते त्या दारापाशी फार स्पष्ट दिसतं. म्हणून सगळं तिथूनच सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं काही लागणार नाही.

आपल्याकडे वसईचे कॅथलिक आणि नगरकडचे प्रोटेस्टंट यांच्यातला फरक मुख्यतः चर्चमधल्या उपासनेचा. आयर्लंडमध्ये तो फरक जमिनीचा आहे. १६०९ पासून इंग्लंडच्या राजाने उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातली जमीन मूळच्या आयरिश कॅथलिकांकडून काढून घेऊन स्कॉटलंड आणि इंग्लंडहून आणलेल्या प्रोटेस्टंट लोकांना दिली, त्याला प्लांटेशन म्हणतात. म्हणजे तुम्ही कुठल्या चर्चमध्ये जाता यावरून तुमचे पूर्वज जमीन मिळालेल्यांपैकी की गमावलेल्यांपैकी हे ठरायला लागलं. त्यामुळे तिथे आजही 'कॅथलिक' किंवा 'प्रोटेस्टंट' म्हटलं की ते फक्त देवाबद्दल नसतं. ढोबळमानाने बघितलं तर प्रोटेस्टंटांना ब्रिटनमध्ये राहायचंय म्हणून ते युनियनिस्ट, आणि कॅथलिकांना सगळं आयर्लंड एक व्हावं असं वाटतं म्हणून ते नॅशनलिस्ट. अपवाद भरपूर आहेत, पण सुरुवातीला एवढं धरून चाला.

मग १६८८ नंतर इंग्लंडच्या गादीवरून भांडण झालं. एका बाजूला कॅथलिक राजा दुसरा जेम्स आणि दुसरीकडे त्याचाच जावई, हॉलंडचा प्रोटेस्टंट विल्यम. १६९० मध्ये आयर्लंडमधल्या बॉइन नदीवर लढाई झाली आणि विल्यम जिंकला. हा विल्यम ऑरेंज घराण्याचा, आणि हे नाव दक्षिण फ्रान्समधल्या एका छोट्या संस्थानाचं, फळाशी त्याचा संबंध नाही, रंग नंतर चिकटला. जुन्या कॅलेंडरप्रमाणे लढाई १ जुलैची, पण सण साजरा होतो १२ जुलैला, आणि तिथे कुणीही नुसतं 'द ट्वेल्थ' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

ऑरेंज ऑर्डर मात्र या लढाईनंतर शंभरेक वर्षांनी निघाली. १७९० च्या दशकात आर्मा काउंटीत लोकसंख्या दाट, घरोघरी लिननचे माग, जमिनीच्या खंडावरून स्पर्धा, आणि दोन्हीकडचे गट रात्री-पहाटे एकमेकांच्या घरांवर धाडी घालायचे. प्रोटेस्टंटांचे 'पीप ओ' डे बॉइज', कॅथलिकांचे 'डिफेंडर्स'. सप्टेंबर १७९५ मध्ये लॉफगॉल गावाजवळ डायमंड नावाच्या चौकात मोठी मारामारी झाली, प्रोटेस्टंट जिंकले, आणि त्यानंतर लगेच ऑर्डरची स्थापना झाली. सुरुवातीचे मेंबर विणकर आणि छोटे शेतकरी, लवकरच जमीनदारही त्यात आले आणि पुढे तेच पुढारी झाले.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तेव्हा सगळे प्रोटेस्टंट एकत्र होते असं अजिबात नाही. अँग्लिकन म्हणजे सरकारी चर्चवाले आणि प्रेस्बिटेरियन म्हणजे स्कॉटलंडहून आलेले, यांच्यात बरीच तेढ होती. १७९१ मध्ये बेलफास्टला 'युनायटेड आयरिशमेन' नावाची क्रांतिकारी संघटना निघाली ती प्रामुख्याने प्रेस्बिटेरियन लोकांनी काढलेली, आणि १७९८ च्या उठावात पुष्कळ प्रेस्बिटेरियन ब्रिटिशांच्या विरोधात लढले, तर ऑरेंजवाले ब्रिटिशांच्या बाजूने. हेच प्रेस्बिटेरियन पुढच्या शतकात हळूहळू लॉजमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या शाखांमध्ये, यायला लागले. तेव्हा 'आम्ही प्रोटेस्टंट सगळे एक' ही भावना मुळात आभाळातून पडलेली नाही, ती लॉजच्या खोल्यांमध्ये, मिरवणुकांमध्ये, दोन-तीन पिढ्यांच्या काळात घडवली गेलेली आहे. बदल या संघटनेत पहिल्यापासून आहे, फक्त तो सांगितला जात नाही.

लॉज म्हणजे काय? गावातली किंवा गल्लीतली शाखा. प्रत्येक लॉजला नंबर असलेलं वॉरंट म्हणजे परवानापत्र, एक 'मास्टर', सेक्रेटरी, खजिनदार, चॅपलेन म्हणजे प्रार्थना चालवणारा धर्मोपदेशक. वर डिस्ट्रिक्ट, त्यावर काउंटी, आणि सगळ्यात वर ग्रँड लॉज. रचना फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघटनेकडून बरीच घेतलेली, म्हणजे प्रवेशाचे विधी, पायऱ्या, एकमेकांना 'ब्रदर' म्हणणं. महिन्याची मीटिंग बघितली तर बायबल वाचन, प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त, वर्गणी, आजारी मेंबरची चौकशी, मग चहा आणि सँडविच. मेंबर पुरुषच, बायकांची वेगळी असोसिएशन आणि मुलांची ज्युनियर लॉज. विधवांना, अनाथ मुलांना मदत करायचे फंड आहेत. दूरच्या खेड्यात ऑरेंज हॉल हीच एकमेव सार्वजनिक जागा असते, तिथेच नाच, तिथेच लग्नाचं जेवण, तिथेच फ्लूट बँडची प्रॅक्टिस. बाहेरच्या माणसाला फक्त बारा जुलैची मिरवणूक दिसते, पण वर्षाचे बाकीचे दिवस ती संघटना अशी साध्या शेजारपणावर चाललेली असते, आणि हे समजलं नाही तर लोक तिला एवढे का धरून आहेत ते कळणार नाही.

आणि प्रवेश घेताना मेंबरने कसं असावं याचा एक मजकूर वाचला जातो, त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक, रोमन चर्चच्या शिकवणुकीतल्या चुकांना ठाम विरोध करायचा आणि त्यांच्या उपासनेला हजर राहायचं नाही. दोन, कॅथलिक बांधवांबद्दल वाईट शब्द, वाईट कृती, वाईट भावनासुद्धा ठेवायची नाही. चॅपलच्या दारात उभा असलेला तो शेतकरी ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी पाळायचा प्रयत्न करत होता, आत न जाऊन पहिलं आणि पावसात उभं राहून दुसरं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो, आणि आत बसलेल्या त्या कॅथलिक कुटुंबाला त्या रिकाम्या बाकांबद्दल काय वाटत असेल याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

आता सत्तेचा भाग, कारण इथूनच कटुता वाढली.

१८८६ पासून आयर्लंडला स्वतःचं पार्लमेंट, म्हणजे होमरूल, द्यायचं घाटत होतं आणि अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांना भीती वाटली की कॅथलिक बहुमताखाली आपण चिरडले जाऊ. ऑरेंज लॉजचं जाळं तयारच होतं, त्यामुळे विरोध उभा करायला वेळ लागला नाही. १९०५ मध्ये अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिल निघालं त्यात ऑर्डरला अधिकृत जागा होत्या. २८ सप्टेंबर १९१२ ला अल्स्टर कव्हेनंट नावाच्या प्रतिज्ञापत्रावर आणि बायकांसाठीच्या वेगळ्या पत्रावर मिळून जवळपास पावणेपाच लाख सह्या झाल्या. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, सहा काउंट्यांचं उत्तर आयर्लंड वेगळं झालं, आणि १९७२ पर्यंत बेलफास्टच्या स्टॉर्मंट पार्लमेंटमध्ये जे सहा पंतप्रधान झाले ते सहाही ऑरेंजमन होते. पहिला, जेम्स क्रेग, १९३४ मध्ये सभागृहातच म्हणाला की मी आधी ऑरेंजमन आणि नंतर राजकारणी. राज्यातला जवळपास तिसरा हिस्सा कॅथलिक होता, त्यांनी हे ऐकून काय समजायचं? हे राज्य आपलं नाही एवढंच समजायचं, दुसरं काय.

स्थानिक निवडणुकीत मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला, कंपन्यांना जास्तीची मतं, डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असून वॉर्डांच्या सीमा अशा आखलेल्या की कौन्सिल युनियनिस्टांचंच. नोकऱ्यांचंही तसंच, बेलफास्टच्या शिपयार्डमध्ये, कारखान्यांत कुणाच्या ओळखीने कोण लागतं ते लॉजवरून ठरायचं असं खूपदा व्हायचं. लॉजमध्ये लॉर्ड, गिरणीमालक आणि गिरणी कामगार एकाच बाकावर बसायचे आणि हीच या संघटनेची ताकद होती, मालक आणि कामगार वर्गाच्या प्रश्नावर भांडण्याऐवजी धर्माच्या नावावर एकत्र राहायचे. पूर्णपणे नाही बरं का. १९०३ मध्ये बेलफास्टच्या कामगार ऑरेंजमननी बड्या लोकांवर चिडून 'इंडिपेंडंट ऑरेंज ऑर्डर' वेगळी काढली, त्यांचा थॉमस स्लोन नावाचा शिपयार्डमधला माणूस तर १९०२ पासूनच खासदार होता. त्या वेगळ्या ऑर्डरचा एक पुढारी लिंडसे क्रॉफर्ड तर पुढे चक्क आयरिश राष्ट्रवादाकडे गेला. मला हा माणूस फार विचार करायला लावतो, कारण तो दाखवतो की आतल्या आत दुसरी वाट होती, फक्त ती कुणी रुंद होऊ दिली नाही.

१९५९ मध्ये युनियनिस्ट पक्षातल्या काही मोठ्या लोकांनी सुचवलं की कॅथलिकांनाही पक्षात घ्यायला काय हरकत आहे. ग्रँड मास्टर सर जॉर्ज क्लार्कने लगेच सांगितलं, शक्य नाही. विषय तिथेच संपला. ज्या कॅथलिकाला मनापासून ब्रिटनसोबत राहायचं होतं त्यालाही दार बंद. माझ्या मते युनियनिस्टांनी स्वतःचं सगळ्यात मोठं नुकसान त्या दिवशी करून घेतलं.

आणि मग चॅपलच्या दारावरची पहिली मोठी केस. फेलिम ओ'नील हा स्टॉर्मंटचा आमदार, जमीनदार घरातला, पंतप्रधान टेरेन्स ओ'नीलच्या नात्यातला. गावच्या एका सार्वजनिक कार्यक्रमाचा भाग म्हणून कॅथलिक उपासनेला हजर राहिला. १९६८ मध्ये ऑर्डरने त्याला काढून टाकलं. म्हणजे त्या काळी नियम मोडणारा मोठ्या घरचा असला तरी सुटका नाही, कारण खालून दबाव होता, इयान पेस्लीसारखे धर्मोपदेशक रस्त्यावर उभे राहून ओरडत होते की वरची मंडळी आपल्याला विकतायत. फेलिम ओ'नील पुढे दोन्ही समाजांना सोबत घेऊ बघणाऱ्या अलायन्स पक्षात गेला.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला डेरीमध्ये नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि तिथून पुढे जी तीस वर्षं गेली त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. सगळा इतिहास इथे मावणार नाही, पण ऑर्डरपुरतं बघायचं तर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मार्च १९७२ मध्ये लंडनने स्टॉर्मंट बंद केलं आणि ऑर्डरच्या हातातली सत्ता एका फटक्यात गेली. दुसरं, मेंबर स्वतः मारले गेले, सीमेजवळच्या शेतकरी कुटुंबांतले अर्धवेळ पोलिस, अर्धवेळ सैनिक. १ सप्टेंबर १९७५ ला साउथ आर्मामधल्या टलिव्हॅलन ऑरेंज हॉलमध्ये मीटिंग चालू असताना बंदूकधारी आत शिरले आणि पाच जण मेले. हॉल जाळण्याचे प्रकार तर कितीतरी झाले. त्यामुळे खेड्यातल्या ऑरेंजमनला विचारलं तर तो स्वतःला सत्ताधारी समजत नाही, घेरलेला समजतो. त्याच्या शेजारच्या कॅथलिकाच्या आठवणी पुन्हा वेगळ्या, त्यालाही घेरलंच होतं, पोलिसांनी, लॉयलिस्ट म्हणजे ब्रिटनशी निष्ठेच्या नावाने शस्त्र उचलणाऱ्या बंदूकवाल्यांनी. दोघांचं दुःख खरं आणि दोघांना एकमेकांचं दिसत नाही.

आता सामाजिक बदलाचा खरा गाभा. १९६० च्या दशकाच्या शेवटी उत्तर आयर्लंडमध्ये ऑर्डरचे मेंबर ९०,००० च्या घरात होते, आणि २००० नंतरच्या दशकात ते ३५,००० च्या आसपास आले. कुणी बंदी घातली नाही, कुणी हरवलं नाही, लोक यायचे बंद झाले. का? शिपयार्ड आणि लिननच्या गिरण्या आटल्या, त्यामुळे लॉजच्या ओळखीवर मिळणारी नोकरीच उरली नाही, शिवाय नोकऱ्यांमध्ये भेदभाव करायला कायद्याने बंदी आली. सुशिक्षित प्रोटेस्टंट मुलं शिकायला स्कॉटलंड-इंग्लंडला जायला लागली आणि त्यातली खूपशी परत आलीच नाहीत. डॉक्टर, वकील, मोठे व्यापारी शहराबाहेरच्या चांगल्या वस्त्यांत गेले, तिथे गोल्फ क्लब, रग्बी क्लब. गावात सगळ्यांना ओळखणारा पाद्री पूर्वी लॉजचा चॅपलेन हमखास असायचा, तोही कमी झाला, आणि चर्चमध्ये जाणारेच कमी झाले.

वरची खुर्ची बघा ना. ग्रँड मास्टर पूर्वी अर्ल, सर, जमीनदार असे असायचे, १९७२ ला मार्टिन स्मिथ हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक आला आणि १९९६ पर्यंत राहिला. साहेब लोकांचा मान राखणारी पिढी मागे पडली आणि जे उरले ते मुख्यतः शेतकरी, कामगार, छोटे धंदेवाले. त्यांना साहेबांच्या सांगण्यावर चालायची गरज वाटेना. पूर्वी साहेब सरकारशी बोलून मिटवून टाकायचे, आता मिटवायला साहेबच नाहीत. तेव्हा संघटना एका अर्थाने जास्त लोकशाहीवादी झाली आणि त्याच वेळी जास्त हट्टीही झाली. हे दोन्ही एकत्र होऊ शकतं हे आपल्याला पटायला वेळ लागतो.

बँडचं तर वेगळंच. मिरवणुकीत लॉजवाले गडद सूट, बॉलर हॅट, गळ्यात केशरी पट्टा, पांढरे हातमोजे, पुढे रेशमी बॅनर असे शांतपणे चालतात. त्यांच्या पुढे वाजवणारे फ्लूट बँड वेगळे, लॉज त्यांना बोलावतं. शहरी गरीब वस्त्यांतल्या तरुण पोरांना लॉजच्या मीटिंगा आणि प्रार्थना नको असतात पण बँड हवा असतो, ड्रम, युनिफॉर्म, दोस्त, वर्षभर प्रॅक्टिस, आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकातल्या मुलांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. या बँडवर लॉजच्या म्हाताऱ्या मेंबरांची सत्ता चालत नाही. १२ जुलै २०१२ ला बेलफास्टमध्ये सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक चर्चसमोर मिरवणूक थांबली असताना एक बँड गोल गोल फिरत कॅथलिकांना झोंबणारी चाल वाजवत राहिला, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि सगळीकडे संताप झाला. त्याच उन्हाळ्यात पुढे त्याच चर्चपाशी पुन्हा गडबड झाली तेव्हा ऑर्डरची भगिनी संस्था रॉयल ब्लॅक हिने चर्चच्या धर्मगुरूंची आणि लोकांची माफी मागितली. अशी माफी फार दुर्मिळ आहे, म्हणून नोंद घ्यावीशी वाटते.

आता मिरवणुकीचा रस्ता हा प्रश्न इतका का पेटतो हे मराठी माणसाला फार समजवावं लागत नाही, कुठल्या गल्लीतून मिरवणूक जाणार आणि कुणाच्या प्रार्थनास्थळासमोर वाजवणार यावर काय काय होतं ते आपण पाहिलंय. ऑर्डर म्हणते हा राजाचा म्हणजे सार्वजनिक रस्ता आहे, आमचे आजोबा इथूनच चालले, आम्ही चर्चमधून घरी निघालोय. तिथे राहणारे म्हणतात तुमच्या आजोबांच्या वेळी इथे शेतं होती, आता आमची घरं आहेत आणि तुमचे ड्रम आमच्या खिडकीखाली वाजतात. फेब्रुवारी १९९२ मध्ये बेलफास्टच्या ऑर्मो रोडवर एका बेटिंगच्या दुकानात लॉयलिस्ट बंदूकधाऱ्यांनी पाच कॅथलिक मारले आणि त्याच जुलैमध्ये तिथून जाणाऱ्या मिरवणुकीतल्या काहींनी दुकानासमोर पाच बोटं वर करून दाखवली. असं एकदा झाल्यावर त्या रस्त्यावरच्या आईला परंपरेचं महत्त्व कसं समजावणार?

सगळ्यात मोठं रण पेटलं पोर्टडाउन गावात. ड्रमक्री चर्चमधली प्रार्थना संपवून ऑरेंजमन गार्वाही रोडवरून परत यायचे, तो भाग आता कॅथलिक वस्तीचा. १९९५ ला अडवलं, मग सोडलं. १९९६ ला पोलिसांनी बंदी घातली, चार दिवस राज्यभर दंगली झाल्या आणि बंदी मागे घेतली. १९९७ ला रहिवाशांना बाजूला सारून मिरवणूक नेली, ती शेवटची. १९९८ ला पहिल्यांदा सरकारने नेमलेल्या परेड्स कमिशनकडे निर्णय होता, त्यांनी नाही म्हटलं, सैन्याने चर नि काटेरी तारा लावल्या आणि हजारो लोक शेतात तळ ठोकून बसले. एप्रिलमध्येच हा हिंसाचार थांबवण्यासाठीचा गुड फ्रायडे करार झाला होता, म्हणजे शांतता कागदावर आलेली आणि रस्त्यावर हे.

१२ जुलै १९९८ च्या पहाटे बॅलिमनी गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला गेला. आई कॅथलिक, वस्ती मुख्यतः प्रोटेस्टंट. आठ, नऊ आणि दहा वर्षांचे तीन भाऊ जळून मेले. ऑर्डरने तो बॉम्ब टाकला नव्हता, लॉयलिस्टांनी टाकला होता, पण त्या आठवड्यात हवेत जे होतं ते कुठून आलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आर्मा काउंटीचे चॅपलेन रेव्हरंड विल्यम बिंगहॅम त्या सकाळी आपल्या लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की तीन शवपेट्यांच्या सावलीत त्या रस्त्यावरून चालण्यात कसला विजय, आता थांबा. दुसऱ्या दिवशी पॉमरॉय गावच्या मिरवणुकीत ऑर्डरमधल्याच 'स्पिरिट ऑफ ड्रमक्री' या कट्टर गटाने त्यांना भर मैदानात घेरलं आणि धक्काबुक्की झाली. याच गटाने आधीच्या डिसेंबरात बेलफास्टमधल्या ग्रँड लॉजच्या ऑफिसचा ताबा घेतला होता. म्हणजे फूट आता कॅथलिक-प्रोटेस्टंट एवढीच नव्हती, ती लॉजच्या आत होती. पण ड्रमक्रीच्या शेतातली गर्दी त्या दिवसापासून ओसरली, आणि पुष्कळ साध्या मेंबरांनी त्यानंतर गळ्यातला पट्टा काढून कपाटात ठेवला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. मार्च २००५ मध्ये ऑर्डरने अल्स्टर युनियनिस्ट पक्षाशी असलेलं शंभर वर्षांचं नातं तोडलं, तोवर बरेच मेंबर तसेही पेस्लीच्या डीयूपी या दुसऱ्या युनियनिस्ट पक्षाकडे गेलेले. जुलै २०१२ मध्ये ग्रँड सेक्रेटरी ड्रू नेल्सन डब्लिनला आयर्लंडच्या सिनेटमध्ये भाषण करायला गेले, ही गोष्ट त्यांच्या आजोबांच्या पिढीला कल्पनेतही पटली नसती. २०१५ मध्ये युरोपियन युनियनच्या शांतता निधीतून बेलफास्टला आणि लॉफगॉलला म्युझियम झालं, शाळेतल्या मुलांनी, कॅथलिक शाळांच्यासुद्धा, येऊन बघावं म्हणून. बेलफास्टच्या आर्डॉइन भागात मिरवणुकीला परवानगी नाकारली म्हणून २०१३ पासून तीन वर्षं रस्त्याकडेला ऑरेंजवाल्यांचा निषेधाचा कॅम्प होता, तो २०१६ मध्ये रहिवाशांशी बोलून सुटला, १ ऑक्टोबरला सकाळी लॉज तिथून चालत गेले आणि कॅम्प उठला. सीमेपलीकडे डोनिगॉलमध्ये रॉसनॉलाच्या समुद्रकिनारी दर जुलैला मिरवणूक निघते, तिथे आइस्क्रीम खात कॅथलिक कुटुंबंही बघतात. दरवर्षी उत्तर आयर्लंडमध्ये सगळ्या प्रकारच्या मिळून हजारो मिरवणुका निघतात आणि बहुतेक काहीही न होता पार पडतात, ते बातमीत येत नाही.

बेलफास्टमध्ये क्लिफ्टन स्ट्रीटवर १८८० च्या दशकातला मोठा ऑरेंज हॉल आहे, छतावर घोड्यावर बसलेला विल्यम राजा. त्याच रस्त्यावर इंडियन कम्युनिटी सेंटर आहे, जिथे आपले लोक दिवाळीला जमतात. मला ही जागा फार बोलकी वाटते, कारण शहर आता फक्त दोघांचं राहिलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट वा इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के निघाले, म्हणजे ज्या राज्याच्या सीमा प्रोटेस्टंट बहुमत राहावं म्हणून आखल्या होत्या तिथे ते बहुमत संपलं. फेब्रुवारी २०२४ पासून फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथल्या सरकारच्या प्रमुख, शिन फेन या नॅशनलिस्ट पक्षाच्या मिशेल ओ'नील आहेत.

आता परत त्या दारापाशी येऊ. २ एप्रिल २०११ ला ओमा शहरात २५ वर्षांच्या एका पोलिस कॉन्स्टेबलच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. मुलगा कॅथलिक, नवीन पोलिस दलात भरती झालेला, आणि मारणारे करार न मानणारे रिपब्लिकन, म्हणजे आयर्लंड एक करायला शस्त्र उचलणारे, कारण कॅथलिकाने पोलिसात जाणं त्यांना गद्दारी वाटत होती. बेरा या त्याच्या गावी अंत्यविधी झाला, शवपेटी आधी गेलिक फुटबॉलच्या पोरांनी खांद्यावर घेतली आणि मग पोलिसांच्या हाती दिली. डीयूपीचे फर्स्ट मिनिस्टर पीटर रॉबिन्सन आत गेले. अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते टॉम एलियट आणि त्यांचे सहकारी डॅनी केनेडी, दोघेही ऑरेंजमन, तेही आत जाऊन मिस्साला बसले.

बेलफास्टमधून ऑर्डरकडे तक्रार गेली की यांनी नियम मोडला. बाहेर लोक चकित झाले, अरे पोरगा तुमच्या राज्याची वर्दी घालून मेलाय. ऑर्डरमध्ये चर्चा झाली, बराच वेळ लागला, आणि शेवटी दोघांवर काही कारवाई झाली नाही. नियम मात्र पुस्तकात तसाच राहिला. फेलिम ओ'नीलला काढलं त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती. एलियट फर्मॅनाचे शेतकरी, म्हणजे ज्या भागात शेजारी चॅपलबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहायचे तिथलेच. आजही तिथे कुणी गेलं की काही जण दाराशी थांबतात, काही जण आत जाऊन मागच्या बाकावर बसतात, आणि दोघेही नंतर एकाच रांगेत दफनभूमीकडे चालत जातात.